जुन्या जकातकचेरीची माडी

जुनी इमारत जतन करायची म्हणजे महिन्यातून एकदा तिच्यात जमून चहा प्यायचा, अशी आमच्या रत्नागिरीतल्या थोर मंडळींची प्रामाणिक समजूत होती. इमारतीचं मत वेगळं होतं, पण तिला सभासदत्व नव्हतं.

मी त्या काळी ओव्हरसिअर होतो. खात्याचं नाव लिहीत नाही, कारण खातं अजून आहे आणि माझं पेन्शन तिथूनच येतं. मूळ गाव हेदवी. परीक्षा देऊन रत्नागिरीला आलो आणि जुन्या इमारतींच्या डागडुजीवर माझी नेमणूक झाली. लोक मला 'ओवरशेर' म्हणत. त्यातला शेर नावापुरताच होता, हे पुढे दिसेल.

आमचं काम बाहेरच्यांना गूढ वाटतं, तसं ते नाही. लाकडावर हातोडीने ठोकायचं आणि कान द्यायचा. धड तुळई खणखणीत बोलते. आतून गेलेली तुळई भाताच्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज देते. भिंतीला तळहात लावून थोडा वेळ उभं राहायचं. आपल्याकडची भिंत जांभ्या दगडाची. पावसाळ्याचे चार महिने जांभा पाणी पितो आणि पुढचे आठ महिने ते हळूहळू सोडतो. त्याला वाट राहावी म्हणून जुने लोक वरून शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा करत. चुन्यातून ओल बाहेर पडते. एवढं ज्याला कळलं तो निम्मा ओव्हरसिअर झाला. उरलेला निम्मा म्हणजे वरिष्ठांसमोर आपल्याला हे कळत नाही असं दाखवणं, आणि त्या भागात मी पहिल्यापासून हुशार होतो.

बंदराकडे जाणाऱ्या उतारावर जुनी जकातकचेरी होती. गलबतांतून उतरलेल्या मालावर एके काळी तिथे जकात घेत. खाली एक लांबलचक दालन, दोन हात जाडीच्या भिंती. वर ऐनाच्या तुळयांवर पेललेली माडी, नक्षीचे खांब आणि समुद्राकडे उघडणाऱ्या खिडक्यांची ओळ. ती कोणाच्या अमलात बांधली यावर गावात दोन पक्ष होते. दोघांकडेही पुरावा नसल्यामुळे वाद फार रंगे. त्या वादातूनच सन एकोणीसशे पंचवीसच्या आसपास 'प्राचीन वास्तु संरक्षक मंडळी' निघाली. अध्यक्ष रावसाहेब, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले आणि अजून निवृत्त झालो यावर विश्वास न बसलेले. चिटणीस भाऊसाहेब वकील, ज्यांना कुठल्याही प्रश्नाच्या दोन्ही बाजू पटत आणि शेवटी रावसाहेबांची जास्त पटे.

मंडळी माडीवर भरे. नव्या साहेबाचं स्वागत झालं, जुन्याला निरोप झाला, कोणाला पदवी मिळाली म्हणून पानसुपारी झाली, आणि एकाला ती मिळता मिळता राहिली तेव्हा त्याचं मन राखण्यासाठीही पानसुपारी झाली. चहा, चिवडा, अत्तर, गुलाबपाणी, हार, आणि आभाराचं असं भाषण की त्यात चहा निवावा. प्रत्येक सभेत इमारतीविषयी आदर व्यक्त करणारा ठराव होई. माडीच्या पश्चिमेकडची कौलं फुटून पाऊस आत येत होता, तेव्हा मंडळींनी लागोपाठ दोन पावसाळे त्याबद्दल चिंता व्यक्त केली. तिसऱ्या पावसाळ्याआधी मी स्वतःच शिडी लावून कौलं बदलून घेतली. पुढच्या सभेत त्याबद्दल रावसाहेबांचे आभार मानण्यात आले.

खालचं दालन बायकांचं होतं. तसं कागदावर कुठे नव्हतं, पण मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका अंबूताईंनी तिथे हळदीकुंकू सुरू केलं, मग शिवणाचा वर्ग, मग शनिवारची वाचनाची बैठक, आणि पाहता पाहता उतारावरच्या सगळ्या आळ्यांतल्या बायका तिथे येऊ लागल्या. अंबूताईंचे यजमान मुंबईला एका पेढीवर होते आणि वर्षातून दोनदा आगबोटीने येत. उरलेलं वर्ष बाई शाळा आणि ते दालन सांभाळत. पुरुषांना क्लब होता, वाचनालय होतं, देवळाचा सभामंडप होता, पार होता. बायकांना ती एकच जागा होती. कुठे ओल आली, कुठे वाळवीची रेघ चढली, याची चिठ्ठी मला शाळेच्या शिपायाबरोबर यायची. मंडळी इमारतीचं रक्षण ठरावाने करत, अंबूताई केरसुणीने करत.

आता सिमेंटाची हकीकत. ही सांगताना मला अजून बरं वाटत नाही.

रावसाहेब मुंबईला जावयाकडे राहून आले. जावयाच्या नव्या बंगल्याला सिमेंटाचा गिलावा होता, गुळगुळीत, राखाडी, बोट लावलं तर डाग नाही. त्यांनी येताच सांगितलं की जकातकचेरीच्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंट करायचं. मुंबईहून कोणी बडे साहेब येणार होते, त्यांना जुनी वास्तू नव्यासारखी दिसली पाहिजे होती. जुनी वास्तू जुनी दिसली तर तिचं रक्षण झालं हे कळणार कसं, असा भाऊसाहेबांनी मला प्रश्न केला. मी हसलो. माझ्या नोकरीत हसणं हे उत्तर धरलं जाई.

काम करायला राजिवड्याचा हसन मेस्त्री होता. त्याच्या घरात तीन पिढ्या चुन्याचं काम. खाडीतले शिंपले भट्टीत भाजायचे, विझवायचे, बैलाच्या घाण्यात मळायचे, महिनाभर पाण्याखाली मुरवायचे, मग त्यात गुळाचं पाणी. हे सगळं तो घड्याळ न बघता, बोटांत चुना चोळून ठरवायचा. मोजकं बोलणारा माणूस. सिमेंटाची पोती आगबोटीतून उतरली तेव्हा त्याने एक पोतं फोडून मूठभर हातावर घेतलं, वास घेतला आणि माझ्याकडे आला.

"साहेब," तो म्हणाला, "हा भिंतीच्या तोंडावर हात दाबल्यासारखा होनार. आत गेलेला पानी ती सोडील कुठनं?"

मी म्हटलं, तुझं खरं आहे, पण वरून हुकूम आहे.

"तुळयांची डोकी भिंतीत हायत. सगळी ओल तिकडं जाईल. तुमाला कळतंय ना?"

मला कळत होतं. मी सांगितलं तसं, कळूनही न कळल्यासारखं दाखवण्यात मी तरबेज होतो. कामाच्या कागदावर मी सही केली. हसनने सिमेंट लावलं, पण आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काम संपल्यावर मागे होऊन भिंतीकडे पाहिलं नाही. बडे साहेब आले, दारातच पाच मिनिटं उभे राहिले आणि समुद्र छान आहे म्हणून गेले. मंडळींनी दारावर संगमरवरी पाटी बसवली. 'ह्या प्राचीन वास्तूचे संरक्षण खालील सद्गृहस्थांनी केले', आणि खाली अकरा नावं. रावसाहेबांचं नाव दुप्पट आकारात होतं, दुरून येणाऱ्या गलबतांनाही वाचता यावं अशा बेताने.

दोन पावसाळे गेले. भिंतीला घाम फुटू लागला. अंबूताईंच्या चिठ्ठ्या वाढल्या. मी माडीच्या तुळया ठोकून पाहिल्या, तर पूर्वेकडच्या मोठ्या तुळईचं टोक पोत्यासारखं बोललं. मी लेखी कळवलं की ह्या माडीवर एका वेळी वीस-पंचवीस माणसांहून जास्त नकोत. तो कागद मंडळींच्या सभेत वाचला गेला. सभेला चाळीस जण हजर होते.

मग संक्रांतीनंतरचा तो दिवस. जिल्ह्यातले गोरे साहेब बदलून चालले होते, त्यांची निरोपाची पानसुपारी माडीवर. खाली त्याच दुपारी अंबूताईंचं हळदीकुंकू. वर किती माणसं होती ते मी मोजलं नाही, पण जिन्यापाशी जोडे काढायला जागा उरली नव्हती. मला आमंत्रण नव्हतंच. मी खाली, बायकांना ओशाळं वाटू नये म्हणून कोपऱ्यात खांबाआड उभा राहून तुळईकडे पाहत होतो.

पहिल्यांदा भुसा पडला. अंबूताईंच्या हातातल्या तिळगुळाच्या ताटात तपकिरी चिमूटभर. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे. तुळईचं टोक भिंतीतून बोटभर बाहेर आलं होतं आणि सिमेंटावर ताजी भेग होती. मी फक्त हाताने दाराकडे खूण केली. त्या बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. शांत आवाजात सगळ्यांना सांगितलं की इथे उकडतंय, उरलेलं हळदीकुंकू बाहेर अंगणातल्या फणसाखाली करू, जिने तिने आपलं मूल कडेवर घ्यावं. पाचेक मिनिटांत दालन रिकामं झालं.

वर मात्र सद्गृहस्थ होते. मी भिंतीच्या कडेकडेने माडीवर गेलो, भाऊसाहेबांच्या कानाशी लागलो आणि तुळई सुटत असल्याचं सांगितलं. रावसाहेब बोलत होते. भाऊसाहेब माझ्याकडे न वळता म्हणाले, "दहा मिनिटं थांबवा. भाषण शेवटाकडे आलंय."

तुळई भाषणासाठी थांबेल असं वाटणारा हा मी पाहिलेला एकमेव वकील.

ओरडावं तर जिना एकच, अरुंद. सगळे एकदम धावले असते तर त्या धावण्यानेच माडी गेली असती.  तेवढ्यात खिडकीतून अंगणात फोटोग्राफर दिसला. समारंभानंतरच्या फोटोसाठी तो तिकाटण्यावर कॅमेऱ्याची पेटी ठेवून काळ्या कापडाखाली शिरत होता. मी घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा रावसाहेबांचं बोलणं तोडलं. म्हटलं, फोटोग्राफर म्हणतो उजेड उतरतोय, फोटो आत्ताच झाला पाहिजे. पुढच्या ओळीत खुर्च्या सातच आहेत, तरी मानाप्रमाणे एकेकाने खाली यावं.

मला जे भाषणाच्या दहा मिनिटांत जमलं नसतं ते त्या सात खुर्च्यांनी केलं. रावसाहेबांनी वाक्य अर्धवट सोडलं. साहेब आधी उतरले, मागोमाग रावसाहेब. मग आठव्या माणसाला आपण सातवे आहोत असं वाटू लागलं आणि सातव्याला त्याचा संशय आला. कोणी कोणाच्या पुढे घुसणं सभ्यपणात बसत नव्हतं आणि मागे राहणं परवडत नव्हतं, म्हणून एकेक जण, अगदी हळू, उपरणं सावरत, दुसऱ्यावर नजर ठेवून जिना उतरला. इतक्या शिस्तीने माडी रिकामी होताना मी पुन्हा पाहिली नाही. शेवटी मी उतरलो. 

फोटोग्राफरने झाकण काढलं आणि त्याच क्षणी मागे धडाका झाला. पूर्वेकडची अर्धी माडी, टेबल, कपबशा, अत्तरदाणी यांसकट खालच्या दालनात बसली. घटकेपूर्वी बायका जिथे मांडी घालून बसल्या होत्या, नेमकी तिथे. कोणालाही खरचटलं नाही. फोटो मात्र निघाला. त्यात सगळ्या माना मागे वळलेल्या आहेत आणि सद्गृहस्थांच्या पागोट्यांच्या मागच्या बाजूच दिसतात.

चार दिवसांनी मंडळींची सभा रावसाहेबांच्या घरी भरली. या वेळी मला आत बोलावलं आणि चहाही दिला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. भाऊसाहेबांनी मला समजुतीच्या आवाजात सांगितलं की अपघाताचं कारण खात्याला लिहून द्यावं लागेल. सिमेंटाचं नाव निघालं तर रावसाहेबांची शोभा होईल, आणि कामाच्या कागदावर सही तर माझीच आहे. काही लोक म्हणताहेत की हसन मेस्त्रीने गिलावा करताना तुळईचं टोक ढिलं केलं. तेव्हा कारणं दोनच उरतात.

"मेस्त्रीचा हलगर्जीपणा, नाहीतर इमारतीची जीर्णता," ते म्हणाले. "तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा. आमचा काही आग्रह नाही."

मी जीर्णता लिहिली. मला वाटलं, मेस्त्रीला बायकापोरं आहेत, इमारतीला नाहीत. मी स्वतःला त्या रात्री दयाळू समजलो. माझीही नोकरी त्यात वाचत होती, ही गोष्ट मी दयेच्या मागे नीट झाकून ठेवली.

आठवडा गेला आणि प्राचीन वास्तु संरक्षक मंडळींनी जकातकचेरी पाडून टाकावी असा ठराव एकमताने आणि दुःखाने मंजूर केला. आधाराला माझा अहवाल होता: ओव्हरसिअरनेच इमारत जीर्ण व धोकादायक ठरवली आहे. मोकळ्या जागेत नवा हॉल बांधायचा होता, सिमेंटाचा. संगमरवरी पाटी तेवढी जपून काढून नव्या हॉलला लावायची, असं ठरावात आवर्जून लिहिलं होतं.

पाडायचं काम हसन मेस्त्रीला देऊ केलं. त्याने ते घेतलं नाही. घाटावरून दुसरे लोक आणले आणि त्यांनी वरून, कौलांपासून, सुरुवात केली.

त्याच दिवशी संध्याकाळी अंबूताई माझ्या बिऱ्हाडी आल्या. त्या कधी कोणाच्या घरी तक्रार घेऊन जात नसत. माझ्या बायकोने पुढे केलेली फुलपात्रातली कोकमाची कढी त्यांनी तशीच बाजूला ठेवली.

"ओव्हरसिअर, मला एवढंच सांगा," त्या म्हणाल्या. "ती माडी जुनी झाली म्हणून पडली, की तिला काही नवं लावलं म्हणून?"

 मी सगळं सांगितलं. जांभा, ओल, तुळईचं टोक, हसनचं बोलणं, माझी सही. 

"मग हेच लिहून द्या," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

मी लिहिलं नाही. म्हणजे रोज लिहायला बसलो. पहिल्या दिवशी खात्याच्या मोठ्या साहेबांची गाठ पडली नाही, दुसऱ्या दिवशी ती पडली पण बोललो नाही, तिसऱ्या दिवशी मुलाला ताप होता. कारणं शोधण्यात सरकारी माणूस कधी कमी पडत नाही. रोज कचेरीला जाताना मला उतारावरून माडीच्या खिडक्या एकेक करून कमी झालेल्या दिसत होत्या. एके सकाळी पाहिलं तर नक्षीचे खांब रस्त्याच्या कडेला रचून ठेवले होते आणि एक माणूस सरपणाला घेण्यासाठी त्यांची लांबी पाहत होता. त्या दिवशी मी कचेरीत जाऊन दुसरा अहवाल लिहिला. तो आठवा दिवस होता.

पहिलंच वाक्य असं लिहिलं की, सिमेंटाचा गिलावा मेस्त्रीने हरकत घेतली असताना माझ्या सहीने करण्यात आला. पुढे सगळं ओळीने. खालच्या भिंती धड आहेत, सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावला तर आणखी कित्येक वर्षं उभ्या राहतील, हेही. एक प्रत मोठ्या साहेबांना, एक अंबूताईंना. अंबूताईंनी ती बायकांना वाचून दाखवली, अर्जावर सह्या घेतल्या, ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे घेतले, आणि तीसएक बायका घेऊन त्या थेट जिल्ह्याच्या नव्या साहेबांच्या बंगल्यावर गेल्या. इतक्या बायका एकदम अर्ज घेऊन येतात हे त्या साहेबाने कधी पाहिलं नसावं. पाडण्याचं काम दुसऱ्या दिवशी थांबलं. माडी गेली होती. खालचं दालन वाचलं, त्यावर मंगळुरी कौलं चढली.

मला ठपका मिळाला, बढती गेली आणि बदली गुहागरकडे रस्त्यांच्या मोऱ्यांवर झाली. मोऱ्यांवर कोणी पानसुपारी करत नाही, त्यामुळे काम चांगलं झालं. तिकडे मंडळींनी वास्तू वाचवल्याबद्दल रावसाहेबांचा सत्कार केल्याचं कळलं. मानपत्रात त्यांच्या दूरदृष्टीचा उल्लेख होता.

दोन-तीन वर्षांनी रत्नागिरीला काम निघालं तेव्हा मी उतारावरून मुद्दाम गेलो. दालनात शिवणाचा वर्ग चालला होता. अंबूताईंनी आतूनच मान हलवली आणि पुन्हा मुलींकडे वळल्या. त्यांना माझ्याशी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाहेरच्या भिंतीवर हसन मेस्त्री चुन्याचा शेवटचा हात देत होता. केस पांढरे झाले होते. आम्ही कठड्यावर बसलो. इकडचं तिकडचं झालं, मोऱ्यांचं झालं, त्याच्या मुलाच्या जहाजावरच्या नोकरीचं झालं. मग मी त्याला विचारलं की पहिल्या अहवालाबद्दल तो माझ्यावर रागावला होता का.

त्याने थापी पाण्यात धुतली, पुसली.

"पयला कागद तुमी भिऊन लिवलात," तो म्हणाला. "मानूस भितो. त्याचा काय नाय. माडी तोडायला लागले तरी दुसरा लिवायला आठ दिस लागले, त्याचा राग आला. माझ्या आजाच्या हातचा काम वर होता."

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्याच्याकडून काम करून घेतलं, पण ती माडी कोणाच्या हातची हे मी कधी विचारलं नव्हतं. मंडळींचे दोन्ही पक्ष राजांची नावं घेऊन भांडत राहिले, त्यांनीही नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. तो रोज त्याच भिंतीपाशी उभा असायचा.

त्याने पुन्हा थापी उचलली आणि कामाला लागला. मी उठलो आणि बंदराकडे न जाता आलो त्याच वाटेने परत गेलो.